केळे आणि बटाटा : उपवासाच्या ताटातील दोन शेजाऱ्यांची पोषणमूल्ये

ओसरी (धागाकर्ती)

आमच्या घरी दर एकादशीला आणि संकष्टीला एकच वाद ठरलेला असतो. वडील ६८ वर्षांचे आहेत. बटाटा वातूळ असतो आणि अंगाला चरबी आणतो, असे त्यांचे ठाम मत आहे, म्हणून ते उपवासाच्या दिवशी चार केळी खातात आणि आपण हलका फराळ केला असे समजतात. आईचे म्हणणे नेमके उलट आहे. केळे म्हणजे साल लावलेली साखर, त्यापेक्षा जिरे-मिरचीची बटाट्याची भाजी पोटाला आधार देते, असे ती म्हणते. दोघेही गेली कित्येक वर्षे एकमेकांना पटवून देत आहेत आणि आपापलेच खात आहेत.

या वेळी मी आकडे काढून बसले. अमेरिकेच्या कृषी खात्याचे अन्नघटकांचे तक्ते सर्वांना पाहता येतात; पुढील आकडे तेथील आहेत आणि ते १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागाचे आहेत. पिकलेल्या केळ्यात सुमारे ८९ किलोकॅलरी, २२.८ ग्रॅम कर्बोदके, २.६ ग्रॅम तंतू आणि १.१ ग्रॅम प्रथिने असतात. सालीसकट कच्च्या बटाट्यात ७७ किलोकॅलरी, १७.५ ग्रॅम कर्बोदके, २.१ ग्रॅम तंतू आणि २ ग्रॅम प्रथिने असतात. दोन्हींत चरबी नावापुरतीच आहे. पोटॅशियम केळ्यात ३५८ मि.ग्रॅ., तर बटाट्यात ४२५ मि.ग्रॅ.; क जीवनसत्त्व केळ्यात ८.७ मि.ग्रॅ., तर बटाट्यात १९.७ मि.ग्रॅ. ब-६ जीवनसत्त्वात मात्र केळे थोडे पुढे आहे, ०.३७ विरुद्ध ०.३० मि.ग्रॅ.

हे पाहून मी चक्रावले. पोटॅशियम म्हटले की केळे, ही गोष्ट मी शाळेपासून ऐकत आले होते. इथे तर तोच बटाटा, ज्याला आपण नावे ठेवतो, तो केळ्याच्या पुढे बसलेला दिसतो. मग माझा प्रश्न असा आहे की पोषणाच्या दृष्टीने या दोघांत खरोखर काही फरक आहे का, आणि असल्यास तो नेमका कुठे आहे? वजन कमी करण्याचे उपाय कृपया इथे नकोत. तुलनेपुरतेच बोलावे, ही विनंती.

तळटीप

धागा उत्तम आहे, परंतु तुलनेत एक गोम राहिली आहे. केळे आपण जसे आहे तसे खातो. कच्चा बटाटा मात्र कोणीही खात नाही. म्हणून केळ्याची तुलना उकडलेल्या बटाट्याशी केली पाहिजे. सालीसकट उकडलेल्या बटाट्यात १०० ग्रॅममागे सुमारे ८७ किलोकॅलरी, २० ग्रॅम कर्बोदके, ३७९ मि.ग्रॅ. पोटॅशियम आणि १३ मि.ग्रॅ. क जीवनसत्त्व उरते. तोच बटाटा सोलून, चिरून पाण्यात उकडला, तर पोटॅशियम ३२८ वर आणि क जीवनसत्त्व साडेसातच्या आसपास येते, म्हणजे केळ्याच्याही खाली. आपल्या तक्त्यात बटाट्याने मारलेली बाजी अशा रीतीने सोलण्याबरोबर आणि उकडीच्या पाण्याबरोबर निघून जाते.

यामागचे कारण साधे आहे. क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम ही दोन्ही पाण्यात विरघळतात, शिवाय क जीवनसत्त्व उष्णतेनेही नष्ट होते. साल शाबूत असेल तर बटाट्याला पाण्यापासून आडोसा मिळतो. त्यामुळे कुकरच्या डब्यात पाणी न घालता अख्खे बटाटे ठेवून वाफेवर शिजवणे आणि मग सोलणे, ही आपल्या आज्यांची पद्धत या हिशोबात सर्वांत फायद्याची ठरते. बटाटे आधी सोलून तासभर पाण्यात टाकून ठेवणे ही सवय मात्र सोडून दिलेली बरी.

आणखी एक. क जीवनसत्त्वासाठी या दोहोंपैकी कोणाकडेही पाहू नये. १०० ग्रॅम पेरूत ते दोनशे मि.ग्रॅ.च्या वर असते. त्यापुढे आठ आणि तेरा यांच्यातील भांडण हे दोन कंजुषांच्या दानधर्माची तुलना करण्यासारखे आहे.

ओसरी

मान्य. मी कच्च्या बटाट्याचा आकडा घेतला ही चूकच झाली. आमच्याकडे बटाटे सोलून, फोडी करूनच कुकरला लावतात, कारण भाजी लवकर होते.

कांदेबाग

मी रावेर तालुक्यातील आहे आणि घरी तीन पिढ्यांपासून केळी आहे, त्यामुळे केळ्याची बाजू मांडण्याचा थोडा हक्क घेतो. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे बहुतेकांना ठाऊक असेल, परंतु या चर्चेशी त्याचा संबंध नाही. संबंध आहे तो पिकण्याशी.

'केळ्यात इतकी साखर असते' असे म्हणताना कोणते केळे, हे आधी सांगावे लागते. घड कापून आणतो तेव्हा केळे हिरवे आणि टणक असते. त्या गरात वजनाचा साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो आणि साखर अगदी थोडी. केळे पिकू लागले की हाच स्टार्च तुटून त्याची साखर होत जाते, आणि सालीवर काळे ठिपके पडेपर्यंत स्टार्च एक-दोन टक्क्यांवर येतो. कर्बोदकांचा एकूण साठा फारसा बदलत नाही. बदलते ते त्यांचे रूप. आपण दिलेल्या तक्त्यातच पाहिले तर केळ्याच्या २२.८ ग्रॅम कर्बोदकांपैकी सुमारे १२ ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅमच्या थोडा वर स्टार्च दाखवलेला आढळेल, म्हणजे ते केळे मधल्या पिकाचे असावे. बटाट्यात याच्या उलट स्थिती आहे. तेथे साखर एक ग्रॅमसुद्धा नाही, आणि स्टार्च पंधरा ग्रॅम आहे.

म्हणून आपल्या आईंचे 'केळे म्हणजे साखर' हे वाक्य ठिपकेवाल्या केळ्यापुरते बरेचसे खरे आहे. देठाशी अजून हिरवट असलेल्या केळ्याला ते लागू होत नाही. कच्च्या केळ्यातील स्टार्चचा मोठा भाग लहान आतड्यात पचतच नाही. तो पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तेथील जिवाणूंचे खाद्य होतो. त्याचे काम तंतूंसारखेच असते. केळे पिकते तसा हा गुण कमी होत जातो.

जाता जाता, हल्ली बाजारात येणारे बहुतेक केळे ग्रँड नैन जातीचे, टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांचे असते. आमच्या लहानपणी मुनवे (केळीच्या बुंध्याशी फुटणारी रोपे) लावून वाढवलेली बसराई जात असे, तिची गोडी वेगळी होती. परंतु हा माझा जिव्हाळा आहे, पोषणमूल्य नव्हे.

पाणवठा

कांदेबाग, आपण पिकवण्याचा विषय काढलाच आहे तर विचारते. कार्बाइडने पिकवलेल्या केळ्याचे पोषणमूल्य कमी होते का?

कांदेबाग

कॅल्शियम कार्बाइड वापरून फळे पिकवण्यास आपल्या देशात बंदी आहे. ती बंदी कार्बाइडमधील अशुद्ध घटकांमुळे आहे, कारण त्यांत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. प्रश्न मुख्यतः विषारीपणाचा आहे, पोषणाचा नाही. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळे पिकवण्याच्या बंदिस्त खोलीत, वापरतात तो एथिलीन वायू. केळे पिकताना तो स्वतःही सोडते, आणि ठरावीक प्रमाणात तो वापरण्यास परवानगी आहे. पिकलेल्या केळ्यासोबत हिरवे केळे पिशवीत बांधून ठेवले की ते लवकर पिकते, ते याच वायूमुळे.

मीठभाकर

मला मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली आहेत, त्यामुळे या दोन्ही पदार्थांशी माझे नाते संशयाचे आहे. मी डॉक्टर नाही. अनुभव आणि वाचन यांवरच लिहितो.

कर्बोदके रक्तात साखर किती वेगाने चढवतात हे मोजण्यासाठी ग्लायसेमिक इंडेक्स वापरतात. टोरांटो येथील डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना १९८१ साली मांडली. शुद्ध ग्लुकोजला १०० धरले, तर आंतरराष्ट्रीय तक्त्यांत केळ्याची सरासरी पन्नाशीच्या आसपास येते आणि उकडलेल्या बटाट्याची अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. म्हणजे चवीला गोड लागणारे केळे साखर सावकाश चढवते, आणि अजिबात गोड न लागणारा बटाटा ती झपाट्याने चढवतो. हे प्रथम वाचले तेव्हा मला छापण्याची चूक वाटली होती.

कारण कांदेबाग यांच्या प्रतिसादातच दडलेले आहे. उकडलेल्या बटाट्यातील स्टार्च पाणी पिऊन फुगलेला, मोकळा झालेला असतो, त्यामुळे पाचक रसांना तो सहज तोडता येतो आणि तुटल्यावर तो सगळा ग्लुकोजच होतो. केळ्यातील साखरेचा बराचसा भाग फ्रुक्टोजचा असतो. त्याने रक्तातील ग्लुकोज लगेच फारसे वाढत नाही. त्याखेरीज केळे जरा कमी पिकलेले असेल तर त्यातील न पचणारा स्टार्चही मदतीला असतो.

बटाट्याच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. उकडलेला बटाटा गार होऊ दिला, की त्यातील काही स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पचायला कठीण होतो. पुन्हा गरम केल्यावरही त्यातला काही भाग तसाच राहतो. या युक्तीने बटाटा निरुपद्रवी होत नाही, परंतु माझ्या घरच्या मीटरवर रात्री उकडून ठेवलेल्या बटाट्याचे दह्यातले भरीत आणि वाफाळता बटाटा यांत फरक पडतो. दह्याचाही त्यात वाटा असणार, हे मी जाणून आहे. प्रत्येकाचे शरीर वेगळे असते, त्यामुळे माझा आकडा कोणी आपला मानू नये.

उपवासाला खरा घात करतो तो साबुदाणा. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे आणि त्याच्या जोडीला आपण पुन्हा बटाट्याच्या फोडी घालतो. पण धाग्याचा विषय तो नाही, म्हणून इथेच थांबतो.

रानवाट

इतकी वर्षे केळ्याला खेळाडूंचे फळ म्हणून डोक्यावर घेतले आणि बटाट्याला वजन वाढवणारा म्हणून हिणवले. मग भूक भागवण्याच्या बाबतीत कोण पुढे आहे, याचेही उत्तर इथे यावे.

सिडनी विद्यापीठात १९९५ साली सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ पदार्थांवर एक प्रयोग केला होता. प्रत्येक पदार्थाचा सुमारे २४० किलोकॅलरींचा भाग खायला देऊन पुढील दोन तास पोट किती भरल्यासारखे वाटते याची नोंद घेतली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. सर्वांत वरचा क्रमांक उकडलेल्या बटाट्याचा आला, ३२३ गुणांचा. संत्र्याला २०२, सफरचंदाला १९७ आणि केळ्याला ११८ गुण मिळाले. क्रॉसाँ हा लोणी घातलेला फ्रेंच पाव ४७ गुणांसह तळाशी राहिला.

यातली गंमत अशी की २४० किलोकॅलरींसाठी केळ्याचा गर सुमारे २७० ग्रॅम लागतो आणि उकडलेला बटाटाही साधारण पावणेतीनशे ग्रॅमच लागतो. वजन सारखे, ऊर्जा सारखी, आणि तरीही तृप्ती जवळजवळ तिप्पट. हा प्रयोग लहान होता, प्रत्येक पदार्थासाठी जेमतेम ११ ते १३ माणसे होती, त्यामुळे त्यातील आकडे शिलालेखासारखे मानू नयेत. तरीही आपल्या आईंचे 'पोटाला आधार' हे शब्द अगदीच हवेतले नाहीत, एवढे मान्य करावे लागते.

तळटीप

रानवाट, त्या प्रयोगातला बटाटा कोरा, उकडलेला होता. त्यावर तूप, शेंगदाण्याचे कूट, ओले खोबरे काहीही नव्हते. तसा बटाटा आपल्याकडे फारसा कोणी खात नाही.

रानवाट

बरोबर. आणि कोरा, उकडलेला बटाटा पावणेतीनशे ग्रॅम खाऊन झाल्यावर मलाही दोन तास दुसरे काही नकोसेच वाटेल.

पाणवठा

मला एक मूलभूत शंका आहे. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाण्यास सांगते, परंतु त्यात बटाटा, रताळे आणि तत्सम पिष्टमय कंद धरत नाही. केळे मात्र त्यात धरले जाते. दोघांची रचना जर इतकी सारखी आहे, तर हा पंक्तिप्रपंच कशासाठी?

तळटीप

हा पंक्तिप्रपंच पदार्थाच्या रचनेवरून झालेला नाही, तो त्याच्या ताटातील जागेवरून झाला आहे. जगातील बऱ्याच भागांत बटाटा भात-भाकरीच्या जागी खाल्ला जातो. तो भाजीत मोजला, तर तळलेल्या बटाट्यांवरच भाजीचा वाटा पूर्ण झाला असे मानण्याची सोय होईल, आणि पालेभाजीला, गवारीला, दुधीला ताटात जागाच उरणार नाही. केळे जेवणात भाकरीची जागा घेत नाही, म्हणून ते फळांत राहिले. जेथे हिरवी केळी शिजवून मुख्य अन्न म्हणून खातात, उदाहरणार्थ युगांडात, तेथे त्या केळ्यालाही हाच न्याय लावणे योग्य होईल.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. आपण बटाट्याला भाजी म्हणतो आणि तो पोळीबरोबर खातो, शेवटी वर भातही घेतो. पुरी-भाजी असो, वडापाव असो, मसाला डोसा असो, कर्बोदकांबरोबर पुन्हा कर्बोदकेच. शिकरण-पोळीचाही हिशोब याहून निराळा नाही. फक्त तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, कारण ती गोड बोलते.

शेजघर

या चर्चेत पोटॅशियमचा उल्लेख सगळीकडे गुण म्हणून झाला आहे. आमच्या घरात तो शब्द भीतीचा आहे, म्हणून लिहिते.

सासूबाईंचे मूत्रपिंड नीट काम करत नाही. मूत्रपिंड दुबळे झाले की जास्तीचे पोटॅशियम शरीराबाहेर टाकता येत नाही आणि ते रक्तात साचले तर हृदयाची लय बिघडू शकते. एका रुग्णालयातून घरी पाठवताना आम्हाला 'फळे भरपूर द्या' एवढेच सांगितले गेले होते. आम्ही भाबडेपणाने रोज दोन केळी देत राहिलो आणि पुढच्या रक्ततपासणीत पोटॅशियम वाढलेले निघाले. नंतर भेटलेल्या आहारतज्ज्ञ बाईंनी केळे पूर्ण बंद केले. बटाटा मात्र बंद केला नाही, तो शिजवण्याची पद्धत बदलली.

बटाटा सोलून त्याच्या लहान फोडी करायच्या, भरपूर पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचे. फोडी करून उकडल्यास पोटॅशियम निम्म्याच्या आसपास घटू शकते, आणि किसून उकडल्यास त्याहूनही जास्त. नुसते पाण्यात भिजवून ठेवल्याने मात्र फारसा उपयोग होत नाही, उकळी लागते. केळ्याला असे काही करता येत नाही. तेव्हा तळटीप यांनी ज्या पद्धतीला तोट्याची म्हटले, तीच आमच्या घरी औषधासारखी पाळली जाते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी या धाग्यातील आकड्यांवर विसंबून काही ठरवू नये, आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

तळटीप

आपण हे लिहिले ते फार बरे झाले. माझा सल्ला निरोगी माणसांपुरताच होता, ते मी स्पष्ट लिहायला हवे होते. प्रौढ व्यक्तीला दिवसाला किमान ३५१० मि.ग्रॅ. पोटॅशियम मिळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम आकाराच्या एका केळ्यातून सुमारे ४२० मि.ग्रॅ. मिळते, म्हणजे साधारण आठवा हिस्सा. बाकीचे डाळी, पालेभाज्या, दूध, नारळपाणी आणि हो, बटाटा, यांतून यावे लागते. केळे हा पोटॅशियमचा राजा नाही. एक चांगला शिलेदार आहे.

सुकेळी

वसईकडील असल्यामुळे एक सीमारेषेवरचा मुद्दा मांडतो. आपण फळ आणि भाजी अशी तुलना करीत आहोत, परंतु कच्चे केळे ही भाजीच आहे. आमच्याकडे कच्च्या केळ्याची भाजी होते, कोकणात आणि गोव्यात रवा लावून काप तळतात, केळफुलाची आणि गाभ्याचीही भाजी होते. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी होतात. पाणी उडून गेल्यामुळे त्यांत साखर आणि ऊर्जा दोन्ही एकवटतात, त्यामुळे ताज्या केळ्याचे १०० ग्रॅमचे आकडे सुकेळीला लावले तर हिशोब साफ चुकतो. मनुका आणि द्राक्षे यांच्यात जे अंतर आहे, तेच इथेही आहे.

बटाट्याची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाची आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो मूळ नव्हे, जमिनीखाली फुगलेले खोड आहे. त्यावरचे डोळे म्हणजे खोडावरच्या कळ्या. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातून तो जगभर गेला आणि आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला; 'बटाटा' हे नावही आपण त्यांच्याकडूनच घेतले. असा हा पाहुणा उपवासाच्या ताटात इतका हक्काने कसा बसला, याचे मला नेहमी नवल वाटते. हिरवी मिरची आणि शेंगदाणाही त्याच बाजूचे पाहुणे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे जिरे-मिरचीची उपवासाची भाजी ही बहुतांशी परदेशी निघते. जिऱ्याने आणि तुपाने तेवढी घराची लाज राखली.

दूरदेशी

मी काही वर्षे आयर्लंडमध्ये राहतो. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गरीब लोकांचे जेवण मुख्यतः बटाटा आणि ताक एवढेच होते. आज ते ऐकून आपल्याला कीव येईल, परंतु पोषणाच्या दृष्टीने ती जोडी बरीच भक्कम होती. बटाट्यातून ऊर्जा, पोटॅशियम आणि क जीवनसत्त्व मिळे, कारण माणसे दिवसाला काही किलो बटाटे खात. ताकातून प्रथिने आणि कॅल्शियम मिळे. १८४५ साली करप्याने पीक गेले आणि दुष्काळ पडला, तेव्हा बटाट्याच्या जागी मक्याचे पीठ आले आणि उपासमारीबरोबर स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोगही दिसू लागला. क जीवनसत्त्वात बटाटा कंजूष आहे असे वर म्हटले आहे. प्रमाण मोठे असेल तर कंजुषाचे दानही पुरते, एवढेच त्यात भर घालावेसे वाटते.

बटाट्यातील प्रथिने १०० ग्रॅममागे दोनच ग्रॅम असली, तरी त्यांचा दर्जा वनस्पतिजन्य पदार्थांच्या मानाने चांगला मानला जातो. केळ्यात ती निम्मीच आहेत. अर्थात उपवासाच्या दिवशी या दोघांच्याही भरवशावर प्रथिनांची गरज भागणार नाही. दूध, दही, राजगिरा किंवा शेंगदाणे सोबत हवेतच.

मीठभाकर

तळण्याचा मुद्दा अजून आला नाही, तो मी मांडतो, कारण उपवासाचा बटाटा आणि उपवासाचे केळे दोन्ही शेवटी कढईतच जातात. उकडलेल्या बटाट्याचे ८७ किलोकॅलरी असतील, तर फ्रेंच फ्राइजचे १०० ग्रॅममागे सुमारे ३१२ होतात आणि वेफर्स पाचशेच्या पुढे जातात. केळ्याचे वेफर्सही पाचशेच्या पुढेच असतात. पाणी निघून जाते आणि त्या जागी तेल बसते. इथपर्यंत आल्यावर फळ कोणते आणि भाजी कोणती, हा प्रश्न उरतच नाही.

बटाटे फ्रीजमध्ये ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. थंडीत कच्च्या बटाट्यातील काही स्टार्चची साखर होते, आणि असा बटाटा तळला की तो लवकर काळपट होतो आणि त्यात अ‍ॅक्रिलमाइड नावाचा नको असलेला घटक जास्त तयार होतो. बटाटा अंधाऱ्या, हवेशीर आणि कोरड्या जागी ठेवावा. उजेडात हिरवा पडलेला भाग आणि मोड काढून टाकावेत, कारण त्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य असते, आणि ते उकडल्याने जात नाही. फारच हिरवा झाला असेल तर सगळा टाकून द्यावा. केळे या बाबतीत सज्जन आहे. फ्रीजमध्ये ठेवल्यास साल काळी पडते, आतला गर मात्र खाण्याजोगा राहतो.

ओसरी

सर्वांचे आभार. आज एकादशी होती, म्हणून स्वयंपाकघरातील वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि दोघांचेही ताट वाढण्यापूर्वी वजन केले. आई-बाबांनी हसून परवानगी दिली, एवढ्यावरच मी समाधान मानले.

बाबांच्या चार केळ्यांचे सालीसकट वजन ६२० ग्रॅम भरले, सोलल्यावर जेमतेम ४०० ग्रॅम उरले. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वजन सालीचे निघाले, आणि डझनाच्या भावात आपण हे कधी मोजत नाही. ४०० ग्रॅम गराचे सुमारे ३५५ किलोकॅलरी होतात आणि त्यात साखर पन्नास ग्रॅमच्या जवळपास जाते, कारण केळी चांगली ठिपकेवाली होती. आईच्या भाजीत उकडलेला बटाटा २०० ग्रॅम होता, त्याचे सुमारे १७५ किलोकॅलरी. इथपर्यंत आई सहज जिंकत होती. मग तिने घातलेले तूप मोजले, ते १५ ग्रॅम भरले, म्हणजे सुमारे १३० किलोकॅलरी. आणि शेंगदाण्याचे कूट ३० ग्रॅम, म्हणजे आणखी १७०. एकूण पावणेपाचशे. भाजीच्या निम्म्याहून जास्त ऊर्जा बटाट्याची नव्हतीच. अर्थात त्या कुटातून सात-आठ ग्रॅम प्रथिनेही आली, जी बाबांच्या चार केळ्यांतून मिळून चारच्या आसपास आली असती.

हे मोठ्याने वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "म्हणजे दोष बटाट्याचा नव्हता." बाबा म्हणाले, "मी कुठे तूप घातले होते?" दोघांनाही आपण जिंकलो असे वाटत आहे.

तूर्त झालेली तडजोड अशी. सकाळी बाबांना एकच केळे, तेही फार न पिकलेले, आणि सोबत कपभर दूध. दुपारी दोघांना आदल्या रात्री सालीसकट उकडून ठेवलेल्या बटाट्याचे दह्यातले भरीत, वर तुपाचा एक चमचा आणि मूठभर दाणे. आदल्या रात्री बटाटे उकडायचे लक्षात ठेवणे मात्र माझ्याकडे आले आहे.

कांदेबाग

फार न पिकलेले म्हणजे किती, ते बाबांना असे सांगा : साल पूर्ण पिवळी, देठ आणि टोक अजून हिरवट. हात लावल्यावर बोट रुतता कामा नये. आणि पुढच्या वेळी डझनाऐवजी अर्धी फणी घ्या, म्हणजे शेवटची दोन केळी ठिपकेवाली होण्याआधीच संपतील.